गाठ: मऊ की कठीण?

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते. 'गाठ' या शब्दाचे वाक्प्रचार मुलांना समजावून देताना कधी अडखळले नाही. लग्नगाठ, खूणगाठ, गाठीला चार पैसे! पण या जूनमध्ये आंघोळ करताना डाव्या स्तनात बोटांना गाठ लागली आणि सारे वाक्प्रचार कुठल्या कुठे पळाले.

दोन महिने मी कोणाजवळ बोलले नाही. सासूबाईंना वाटे, पेपर तपासून तपासून सून वाळली. शेवटी ह्यांनीच छेडले, तेव्हा रडू कोसळले. दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरबाईंसमोर होतो.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. पण त्यावरून उलगडा होईना. बाई म्हणाल्या, "आता इलॅस्टोग्राफी करू. दुखणार नाही."

माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "बेसनाचे लाडू वळता ना? गुठळी राहिली तर डोळे मिटूनही बोटांना कळते. दाबले की बेसन दबते, गुठळी दबत नाही. इथे तेच काम यंत्र करते."

१९९१ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. सोनोग्राफीचे यंत्र अंगावर हलकेच दाबतात. मऊ भाग जास्त दबतो, कठीण भाग कमी. तो फरक पडद्यावर रंगांत उमटतो. दुसऱ्या तऱ्हेत यंत्रच आत सूक्ष्म कंप उठवते. कठीण भागातून तो कंप अधिक वेगाने धावतो आणि त्या वेगावरून कठीणपणा किलोपास्कलच्या आकड्यांत मिळतो. कर्करोगाची गाठ बहुधा कठीण असते, म्हणून हा सारा खटाटोप.

माझी गाठ निळी दिसली. निळा रंग कृष्णाचा, म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. तोच बाई म्हणाल्या, "या यंत्रात निळे म्हणजे कठीण. पण घाबरू नका. साधी गाठही कधी कठीण असते आणि काही कर्करोग मऊ असतात. ही नुसती साक्ष झाली. निकाल सुईने काढलेल्या तुकड्यावरून."

निकालाला सहा दिवस लागले. एका रात्री सासूबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. "माझ्या आईलाही गाठ होती ग. लाजेपायी तिने शेवटपर्यंत सांगितली नाही." एवढेच बोलून त्या माझ्या केसांवरून हात फिरवीत राहिल्या.

अहवाल आला: फायब्रोअॅडिनोमा. निरुपद्रवी गाठ, जुनी होऊन घट्ट झालेली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची आहे, एवढेच.

भगिनींनो, स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण आपली कोणती, हे घरी बसून ठरवता येत नाही. माझे दैव चांगले म्हणून ते दोन महिने मला महागात पडले नाहीत. यंदा लाडू वळायला बसाल, तेव्हा एवढी खूणगाठ मनाशी बांधा: बोटांना काही लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे.