लुडोचे फासे आणि तिसाचा राक्षस

'रोलप्लेइंग गेम' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना कॉम्प्युटर आठवतो. इथे तो लागत नाही. लागतं एक टेबल (नसेल तर कॉट), चार-पाच डोकी, कागद-पेन्सिल आणि फासे. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, "समोर भुयार आहे, आतून घाणेरडा वास येतोय." बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने सांगतात की आपण काय करणार. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. बस्स, खेळ एवढाच.

मग नियमांची वही इतकी जाडजूड का असते? आणि पहिल्यांदा हातात आली की ती लॅब मॅन्युअलपेक्षाही परकी का वाटते? विशेषतः 'होमब्र्यू', म्हणजे कुणीतरी स्वतःच्या ग्रुपसाठी घरच्या घरी शिजवलेल्या खेळाची? याचं साधं कारण म्हणजे लिहिणारा गृहीत धरतो की तो स्वतः तुमच्या शेजारी बसलेला असणार. अर्धे नियम वहीत असतात, अर्धे त्याच्या डोक्यात. तो पास आऊट झाला की वही उरते आणि खेळ मरतो.

गंमत म्हणजे या छंदाचा जन्मच अशा वहीतून झालाय. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. आर्नसन आधीपासून आपल्या मित्रांबरोबर 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात स्वतःच्या नियमांनी खेळत होता. छापील पुस्तिका मात्र नवख्याला कळणं कठीण. 'चेनमेल' हा १९७१चा युद्धखेळ तुम्हाला माहीत आहे असं त्या धरून चालत. शिवाय चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे हवेत! ते आणायचे कुठून?

ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रे नावाच्या माणसाने त्या पुस्तिका वाचल्या. कल्पना आवडली, नियम पटले नाहीत. मग त्याने १९७५ मध्ये स्वतःचाच खेळ लिहिला, 'टनेल्स अँड ट्रोल्स'. त्यात फक्त साधे सहा बाजूंचे फासे, म्हणजे तुमच्या लुडोच्या डब्यातले. पुढे ॲरिझोनातल्याच 'फ्लाइंग बफेलो' या कंपनीने तो छापला आणि १९७९ मध्ये त्याची ५वी आवृत्ती निघाली. होमब्र्यू कसं वाचावं हे शिकायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून ही ५वी आवृत्तीच घेऊ.

पात्र बनवायला तीन फासे सहा वेळा टाकायचे : ताकद, बुद्धी, नशीब, तग, चपळाई आणि छाप. (ही मराठी नावं माझी.) ताकद, नशीब, चपळाई यांत १२च्या वर जेवढे गुण, तेवढी लढाईत 'जोड' मिळते, ९च्या खाली गेलात तर वजाबाकी. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही. खरा प्रश्न लढाईचा.

लढाईत नेम लागला की हुकला असं वेगळं बघायचंच नाही. एका बाजूच्या सगळ्यांनी आपापल्या शस्त्राचे फासे टाकायचे, जोड मिळवायची आणि बेरीज करायची. समोरच्यानेही तेच करायचं. दोन बेरजांतला फरक म्हणजे हरलेल्या बाजूला झालेली इजा. राक्षसाला तर गुणांचा तक्ताही नाही, एकच आकडा. समजा तो ३० आहे. त्याला दहाने भागून एक मिळवा, म्हणजे ४ फासे. आकड्याचा निम्मा ही जोड, म्हणजे १५. इजा झाली की आकडा उतरतो, जोडही उतरते, फासे मात्र तेवढेच राहतात.

वाचून "ठीक आहे, सोपं आहे" म्हणत पुढे जाऊ नका. इथेच कागद घ्या. एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे राक्षसाची सरासरी बेरीज १४ अधिक १५, एकूण २९. तुमच्याकडे ३ फाशांची तलवार आणि सगळी मिळून ६ची जोड असेल तर तुमची साडेसोळा. तुम्ही दोघं असलात तर ३३. पहिल्या फेरीत फरक ४, राक्षस २६वर. आता त्याची सरासरी २७, फरक ६, तो २०वर. पुढे फरक ९, तो ११वर, आणि चौथ्या फेरीत खलास. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात तो हाच. जो घसरला तो अधिकाधिक वेगाने घसरतो. (सरासरीवर फार विसंबू नका; पहिल्या फेरीत पाचातून एखाद्या वेळी फासे उलटेही पडतात.)

आणि तुम्ही एकटे असाल तर? साडेसोळा विरुद्ध एकोणतीस. एका फेरीत बारा-तेराची इजा, आणि तुमचा तग सरासरी साडेदहा. चिलखत नसेल तर पहिल्याच फेरीत राम नाम सत्य.

म्हणजे नियम चुकलाय का? बरेच जण इथे वही मिटतात. "नुसती बेरीज-वजाबाकी आहे, आकडा मोठा तो जिंकणार" अशी तक्रार करतात. पण नियम काय सांगतो यापेक्षा तो तुम्हाला काय करायला लावतो ते बघा. हा नियम ओरडून सांगतोय की बाबा रे, सरळ समोरून लढू नकोस. मग करायचं काय, याचं उत्तर लढाईच्या प्रकरणात नाही, दुसरीकडे आहे : 'सेव्हिंग रोल', आपण बचावाची फेक म्हणू. झुंबराची दोरी कापायची आहे, राक्षसाच्या डोळ्यात धूळ फेकायची आहे, खिडकीतून सटकायचं आहे? सूत्रधार पातळी ठरवतो. पहिल्या पातळीला लक्ष्य २०, दुसरीला २५, पुढे पाचापाचाने वाढत जातं. त्यातून तुमचा संबंधित गुण वजा करा, आणि उरेल तेवढं दोन फाशांवर पाडा.

नशीब १० असेल तर २० वजा १०, म्हणजे १० पाडायचे. दोन फाशांवर १० किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६त ६, म्हणजे १७ टक्के. निराशाजनक! पण त्याच परिच्छेदात एक छोटं वाक्य आहे, जे नवखा हमखास सोडून देतो : दोन्ही फासे सारखे पडले तर बेरीज राखून पुन्हा टाका आणि मिळवा. या एका वाक्याने १७चे जवळजवळ २६ टक्के होतात. ८ पाडायचे असतील तर ४२चे ४९. आणि १७ पाडायचे असतील, जे दोन फाशांवर एरवी शक्यच नाही, तर तेही शक्य कोटीत येतं. ज्याच्या पात्राचं नशीब सुरुवातीलाच ३ पडलं, त्याला हा खेळ दारातून परत पाठवत नाही. एका ओळीने केवढा फरक पडतो बघा. गणित करून बघितल्याशिवाय ती ओळ शोभेची वाटते.

जादूचंही तसंच. मंत्र म्हटला की ताकद खर्च होते. शत्रूवर बुद्धीएवढी इजा करणाऱ्या मंत्राला ६ ताकद लागते, आणि खर्च झालेली ताकद खेळातल्या दर दहा मिनिटांना एक या दराने परत येते. १० ताकदीचा जादूगार एक मंत्र टाकतो आणि मग सुमारे तासभर मांजरासारखा लुळा. म्हणजे त्याला जपायला बाकीचे हवेत. "एकत्र राहा" असा नियम कुठे लिहावाच लागत नाही.

आता राहिला भांडणाचा मुद्दा. पातळी सूत्रधार ठरवतो, आणि दोरी कापणं पहिल्या पातळीचं की तिसऱ्या, हे कुठलीच वही सांगू शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे : फासे टाकण्याआधी पातळी मोठ्याने सांगावी, आणि एकदा ठरलेला निवाडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा. फासे पडल्यावर पातळी बदलणारा सूत्रधार म्हणजे पेपर तपासताना मार्किंग स्कीम बदलणारा परीक्षक. (सर, हलकं घ्या.) पुढच्या वर्षी वही ज्याच्या हाती पडेल त्याला छापील नियमांपेक्षा ते मागचं पानच जास्त उपयोगी पडेल.

सूत्रधार अजिबात नसेल तर काय होतं, हेही याच खेळाने करून बघितलंय. १९७६ मध्ये रिक लूमिस यांचं 'बफेलो कॅसल' आलं, एकट्याने खेळायचं साहस. डावं दार उघडलंत तर अमुक परिच्छेदावर जा, उजवं उघडलंत तर तमुक. सूत्रधाराचा प्रत्येक निर्णय आधीच कागदावर. स्वतःचे नियम लिहिणाऱ्याने असं दहा-बारा खोल्यांचं एक साहस लिहावं, ते दुसऱ्या विंगमधल्या अनोळखी मुलाला द्यावं आणि स्वतः गप्प बसावं. तो पहिल्यांदा "याचा अर्थ काय रे?" असं विचारायला येईल, ती वहीत न उतरलेली पहिली ओळ.