पुरुषमंडळी देवळाच्या ओट्यावरच का थांबतात?

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासाचा प्रारंभ होतो आणि गावोगावच्या देवळांत प्रवचनांचे, पुराणांचे, पारायणांचे फलक लागतात. या सभामंडपांतून जो श्रोतृवृंद जमतो त्याकडे वाचकांनी यंदा थोडे निरखून पाहावे. पुढील सात-आठ रांगा स्त्रियांच्या. भिंतीच्या कडेला, खांबाला टेकून, सेवानिवृत्त अशी पाच-दहा वृद्ध मंडळी. उरलेला पुरुषवर्ग कोठे असतो? तो बाहेर असतो. कोणी मातोश्रींना वाहनावरून पोहोचविण्यास आलेला, कोणी चपलांची राखण करीत ओट्यावर बसलेला, कोणी पारावर राजकारणाच्या गप्पांत रंगलेला. प्रसादाच्या वेळी तो आत डोकावतो, एवढाच काय तो संबंध.

आणि याच दिवसांत पंढरीच्या वाटेवर काय दृश्य असते? लाखो पुरुष, त्यांत शेतकरी आहेत, गिरणीत आयुष्य काढलेले आहेत, शिक्षक आहेत, गळ्यात टाळ अडकवून भर उन्हापावसात नाचत चाललेले असतात. समाज एक, भाषा एक, दैवतही एकच. मग देवळाच्या ओट्यावर थबकणारा पुरुष दिंडीत मात्र देहभान विसरतो, याचे कारण काय? प्रश्न वरवर साधा दिसतो. पण आमच्या मते पुढील पिढीच्या घरात देवापुढे दिवा लागणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. ख्रिस्ती समाजाला तो तीन शतकांहून अधिक काळ छळतो आहे. बोस्टनचे धर्मोपदेशक कॉटन मेदर यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीसच नमूद करून ठेवले की, चर्चमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक आहे. १९११-१२ मध्ये अमेरिकेत पुरुषांना चर्चकडे वळविण्यासाठी एक देशव्यापी मोहीमच निघाली. चर्चमध्ये स्त्रियांच्या मानाने सुमारे तीस लाख पुरुष कमी आहेत, असा तिच्या धुरीणांचा हिशेब होता. व्यापारी पद्धतीच्या जाहिराती, व्यायामाची भाषा, मर्दानी गाणी असा सारा थाट झाला आणि वर्षभरात मोहीम आटोपली. पुढे १९९० मध्ये बिल मॅकार्टनी नावाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने ‘प्रॉमिस कीपर्स’ ही केवळ पुरुषांची संघटना काढली. मोठमोठी क्रीडांगणे भरली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये तर पुरुषांचा महासागर लोटला. पण पुढच्याच वर्षी पगारी सेवकवर्ग कमी करण्याची पाळी आली आणि तो जोर पुन्हा काही आला नाही. क्रीडांगणावर जमलेला पुरुष रविवारी आपल्या गावच्या चर्चमध्ये नेमाने जाऊन बसेलच, असे नव्हते.

प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १९२ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत धर्माशी नाते सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८३.४ टक्के, तर पुरुषांचे ७९.९ टक्के आढळले. ख्रिस्ती समाजात प्रार्थनेस नियमाने जाणाऱ्यांत स्त्रिया पुढे आहेत. मुसलमान समाजात मात्र मशिदीत जाणाऱ्यांत पुरुष पुढे आहेत. तेथे शुक्रवारची सामुदायिक प्रार्थना हे पुरुषाचे कर्तव्य मानलेले आहे आणि ती रांगेत उभे राहून, वाकून, माथा टेकवून सर्व देहाने करावयाची असते. तेव्हा पुरुषाला जन्मतःच धर्माचे वावडे असते, हे म्हणणे टिकत नाही.

पाश्चात्त्य विचारवंतांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे, त्याची परीक्षा आपल्या अनुभवावर करून पाहण्याजोगी आहे. लिऑन पॉडल्स या लेखकाने १९९९ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, बाराव्या शतकात संत बर्नार्डप्रभृतींनी जीव म्हणजे वधू आणि ख्रिस्त म्हणजे वर ही कल्पना रूढ केली. भक्तीची भाषा कोमल, स्त्रैण झाली आणि पुरुष हळूहळू दूर गेले. डेव्हिड मरो यांनीही २००५ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले आणि प्रार्थनासभेचे सारे वातावरण पुरुषाला परके वाटते, असा सूर लावला.

हा सिद्धान्त खरा मानला तर वारकरी संप्रदायात एकही पुरुष दिसता कामा नये! आमचा देव ‘विठाई’ आहे. ज्ञानेश्वर महाराज ‘माउली’ आहेत. ज्ञानदेवांच्या विरहिणी घ्या, नाथांच्या गौळणी घ्या. पुरुषाच्या कंठातून स्त्रीच्या विरहाची आणि गोपीच्या लाडिक तक्रारीची वाणी निघते. नांगर धरून हाताला घट्टे पडलेला, पिळदार मिशांचा गडी डोळे मिटून गौळण म्हणतो, शेजाऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो, अनोळखी माणसाला उराउरी भेटतो, पन्नाशीचे दोघे जण हात धरून फुगडी घालतात. यात त्याच्या पुरुषार्थाला कोठे धक्का बसल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही. कोमलतेने पुरुष पळत नाही. तो पळतो तो रिकामे बसण्याने, असे आमचे मत आहे.

वारकरी कीर्तनाची रचना पाहावी, म्हणजे हे ध्यानात येईल. नारदीय कीर्तनात बुवा, साथीदार आणि समोर श्रोते अशी विभागणी असते. ती पद्धतही थोरच आहे. पण तेथे श्रोत्याने बसून ऐकावयाचे असते. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगा उभ्या राहतात. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा, पखवाजी आपल्या जागी सज्ज. बुवांनी अभंगाचा चरण सोडला की तो टाळकऱ्यांनी उचलावयाचा, धृपद धरावयाचे, चाल चढवावयाची. एखाद्याचा ठेका चुकला तर शेजारचा नुसते पाहतो, तेवढे पुरते. येथे श्रोता आणि गाता यांतील सीमारेषा टाळाच्या दोरीइतकीच आहे. टाळ हाती घेतला की माणूस आत.

पालखी सोहळ्याचेही तसेच. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकांची पालखी पंढरीस नेण्यास आरंभ केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या स्वतंत्र सोहळ्याची घडी हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. हे शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले, लष्करी शिस्त ठाऊक असलेले गृहस्थ. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिला. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक लागले, चोपदार नेमले गेले. चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणात किंवा वाखरीजवळच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व धावतो, तेव्हा लाखोंच्या समुदायात प्रत्येक पताकाधारी आपली जागा जाणतो.

मुक्कामाच्या ठिकाणी होणारी समाजआरती तर प्रत्येक घरातील मुलाने एकदा पाहावी अशी आहे. सर्व दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंचावतो, एक दीर्घ पुकारा करतो आणि क्षणार्धात शांतता पसरते. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते! चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि मगच आरती होते. सामान्य माणसाच्या गाऱ्हाण्यासाठी आरती थांबते, हे ज्याने पाहिले त्याला हा सोहळा आपला वाटल्यावाचून कसा राहील?

आमच्या साधुपुरुषांनी हे मर्म ओळखले होते. समर्थांनी मारुतीची देवळे उभारली, ती बलोपासनेसह. आळंदीस १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे विष्णुबुवा जोग तरुणपणी तालमीत रमलेले होते. गाडगे महाराज गावात येत ते हाती खराटा घेऊन. दिवसा गाव झाडून काढावयाचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही ते श्रोत्यांना स्वस्थ बसू देत नसत. प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत. तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी होती आणि सामुदायिक प्रार्थनेला त्यांनी ग्रामसेवेची जोड दिली होती.

आता शहरांतील आमच्या देवळांकडे वळू. प्रवचनाची वेळ बहुधा दुपारी चार. त्या वेळी मिळवता पुरुष कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात असतो. ही वेळ ठरविणारे विश्वस्त मात्र पुरुषच असतात, ही गंमत आहे. संप्रदायाचे नेम पाहा: काकडा पहाटे, हरिपाठ दिवेलागणीस. कष्टकऱ्याचा दिवस मध्ये मोकळा सोडलेला आहे. दुसरे असे की, देवस्थानाला पुरुषाची आठवण होते ती वर्गणीच्या वेळी आणि मंडपाचे खांब रोवताना. तिसरे, काही प्रवचनकारांना न आलेल्या पुरुषांवर ताशेरे झाडण्याची मोठी हौस असते. ते ऐकावयास कोण बसलेले असते? आलेल्या स्त्रिया. त्या घरी जाऊन ते सांगतात आणि न येणाऱ्याचा न येण्याचा निश्चय अधिकच दृढ होतो.

घरातील चित्रही निराळे नाही. पूर्वी नित्याची देवपूजा हे अनेक घरांत कर्त्या पुरुषाचे काम होते. गाडीच्या वेळा आणि कामाच्या पाळ्या यांनी ते त्याच्या हातून सुटले आणि गृहिणीने न बोलता उचलले. सत्यनारायणाच्या पाटावर बसण्याचा मान यजमानाचा राहिला. रोजची फुले, वात, नैवेद्य तिच्याकडे गेले. गणपतीच्या आरतीला हाच यजमान झांज घेऊन घर दणाणून सोडतो, म्हणजे आवाज आहे, हौस आहे. उणीव आहे ती उरलेल्या दिवसांत त्याच्यासाठी काही काम ठेवण्याची. याचा परिणाम उतारवयात दिसतो. पत्नी आधी निवर्तली तर देवघरातील कोणती मूर्ती कोठे ठेवावयाची, निरांजनात किती वाती, एकादशीला काय चालते, यांपैकी काहीच त्या गृहस्थास ठाऊक नसते. चाळीस वर्षे ज्या देवघरासमोरून तो ये-जा करीत असतो, तेथे तो पाहुणा असतो. अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. तेथील शांतता मन विषण्ण करणारी असते. मुलगा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी वडिलांकडे पाहून ठरवितो की हे बायकांचे काम आहे, आणि पुढे तोही ओट्यावर बसू लागतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुरुषांना आत घ्यावयाचे म्हणजे स्त्रियांना मागे सारावयाचे, असा अर्थ कोणी काढू नये. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांच्या वाणीवाचून संप्रदाय उभाच राहत नाही, आणि दिंडीत डोईवर तुळशीवृंदावन घेऊन चालणारी माउली टाळकऱ्याहून तसूभरही कमी नाही. गोव्याच्या चर्चमधून ‘कोन्फ्रारिया’ नावाचे बंधुसंघ आहेत. त्यांचे पुरुष सदस्य विशिष्ट रंगाचे वस्त्र खांद्यांवर घेऊन, मेणबत्त्या धरून उत्सवाच्या मिरवणुकीत चालतात. पुरुषाला मानाचे काम देण्याची ही जुनी व चांगली रीत. परंतु या संघांत जातींचे कप्पे पडले आणि त्यावरून कलह झाले, हेही त्यासोबतच सांगावे लागते. काम वाटताना कोणाला वगळले, याकडे आमच्या विश्वस्तांनीही लक्ष ठेवावे.

कार्तिकी एकादशीला अजून चार महिने आहेत. तेवढ्या अवधीत एखाद्या देवळाने दुपारच्या प्रवचनाबरोबर सायंकाळी साडेसातला उभ्याने हरिपाठ सुरू करून पाहावा. पावली शिकण्यास आठवडा पुरतो. टाळांचे दहा जोड देवळाने स्वतः घ्यावेत आणि दारातच ठेवावेत, म्हणजे मातोश्रींना न्यावयास आलेल्या मुलाच्या हाती ते सहज पडतील. पखवाज शिकविणारा गावात उरला आहे काय, याचा शोध मात्र आधी घ्यावा लागेल. नसल्यास आळंदीस शिकून आलेला तरुण जवळच्या एखाद्या गावी बहुधा सापडतो. घरात मुलाला देवाची फुले आणण्यास सांगावे आणि वडिलांना निरांजन घासावयास द्यावे. पहिले चार दिवस ते नीट घासले जाणार नाही. गृहिणींनी तिकडे थोडे दुर्लक्ष करावे.