आखाडाचा बाजार अन् बर्फातली मच्छी : ताजं-शिळं ओळखायचं कसं?

बोरी (ता. जिंतूर) : आखाड लागला की आठवडी बाजारात मच्छीच्या दुकानापुढं गर्दी वाढते. पुढं श्रावण, म्हणून त्याआधी घरोघर एखादा बेत ठरलेलाच. पण हेच दिवस दमट हवेचे, अन् लाईट जायचेही. घेतलेला मासा खाण्याजोगा आहे की नाही, हे कढई तापायच्या आधी कळायला पाहिजे.

पहिली गोष्ट, मासा आला कुठून हे विचारावं. येलदरी किंवा निवळीच्या करपरा धरणातला रोहू, कटला सकाळी धरून दुपारी बाजारात येऊ शकतो. समुद्राच्या मच्छीचं तसं नाही. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्यामुळं जुलैत कोणी 'कालचंच मुंबईचं पापलेट' म्हणत असेल, तर ते परराज्यातलं किंवा साठवणुकीतलं असण्याचीच शक्यता जास्त. साठवणुकीतला मासा वाईटच असतो असं नाही, पण बर्फ कुठं तुटला नाही ना, हा प्रश्न राहतो.

मग कल्ले उघडून बघावेत. ताज्या माशाचे कल्ले लालभडक, ओले असतात. शिळे झाले की तपकिरी, राखाडी पडतात, चिकट तार सुटते. लाल दिसले तरी ओल्या बोटानं चोळावं. रंग लावला असेल तर बोटाला लागतो. डोळा फुगीर अन् चकचकीत हवा, मात्र बर्फाला टेकूनही डोळा पांढरट होतो, म्हणून एकट्या डोळ्यावर जाऊ नये. पोटाजवळ बोट दाबलं तर खड्डा लगेच भरून यावा. वास पाण्याचा, शेवाळाचा चालतो. आंबूस किंवा नाकात झोंबणारा असेल तर पिशवी पुढं करू नये. मुंडकं आधीच काढलेले तुकडे घेतले तर यातलं निम्मं बघायलाच मिळत नाही. मरळ तर जिवंतच घ्यावी. ती हवेतही श्वास घेते, ओल्या पोत्यात तासन्‌तास जगते. मेलेली मरळ 'ताजी' म्हणून घ्यायचं कारण नाही.

"कडक तळलं की काय होतंय?" असं बरेच जण म्हणतात. होतंय. बांगडा, तारली, कुपा हे मासे उष्ण्यात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते तळून, उकळून, लिंबू पिळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंग खाजतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. लोकांना वाटतं अंगावर पित्त उठलं.

फॉर्मेलिनची भीतीही अधूनमधून येते. गोव्यात जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी झाली, गोंधळ उडाला अन् सरकारनं बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यासाठी कागदी पट्टीची तपासणी तयार केली आहे. माशी बसत नाही म्हणजे औषध मारलंय, ही ओळख पक्की नाही.

आपल्याकडं खरा धोका वेगळाच. डोहात फवारणीचं औषध टाकून मासे मारायचा आडदांडपणा काही ठिकाणी अजून होतो. असा मासा लाल कल्ल्याचा, चमकदार डोळ्याचाच असतो, वरच्या सगळ्या परीक्षांत पास होतो. म्हणून नदीत, तळ्यात एकदम तरंगलेले मासे दिसले तर गोळा करू नयेत, विकत तर मुळीच घेऊ नयेत. उन्हाळ्यात पाणी आटून, प्राणवायू कमी पडूनही मासे मरतात. कारण कोणतंही असो, मासा कधी मेला हे कोणालाच माहीत नसतं.

घरी आणल्यावर साफ करून लगेच शिजवावा. बाहेर दोन तासांवर ठेवू नये, उकाडा असेल तर एकच तास. फ्रीजमध्ये कच्चा मासा एक-दोन दिवस राहतो, पण लाईट चार तास गेली असेल तर तो टाकून द्यावा. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, पण दवाखान्याची चिठ्ठी त्याहून महाग पडते. सुकट, बोंबील घेताना ओल, बुरशी अन् गुलाबी-लाल डाग बघावेत.

मासे खाल्ल्यावर जीभ बधिर होणं, श्वास लागणं, सारख्या उलट्या असं काही झालं तर 108 ला फोन करावा अन् उरलेला मासा पिशवीत बांधून डॉक्टरांकडं न्यावा. विक्रीबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक 1800222365 आहे.