गावाने दार उघडले

कोकणात पूर्वी काही तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते धर्माने यहुदी. असे यहुदी लोक युरोपातही पुष्कळ होते.

१९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. त्याच्या पक्षाचे नाव नाझी. नाझी यहुद्यांचा द्वेष करीत. त्यांनी यहुद्यांचे कामधंदे काढून घेतले. पुढे महायुद्धात कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला छावणीत नेऊन मारले. सुमारे ६० लाख यहुदी मारले गेले. त्यांत म्हातारी माणसे होती, तान्ही मुलेही होती.

१९४० साली जर्मनीने फ्रान्स देशाला हरवले. फ्रान्समध्ये डोंगरावर शांबों नावाचे गाव आहे. तिथे आंद्रे त्रोक्मे हे पाद्री होते. हिवाळ्यात एक यहुदी बाई त्यांच्या दारी आली. बाहेर बर्फ होते. त्यांच्या पत्नी माग्दाबाईंनी तिला आत घेतले, जेवू घातले.

मग अशी माणसे येतच राहिली. गावातल्या नि आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले. अन्न मोजून मिळे, तरी त्यातलेच वाटून खाल्ले. पाहुण्यांना दुसऱ्या नावाचे कागद करून दिले. मुलांना शाळेत घातले. शेजारच्या घरी कोण आहे, हे कुणी विचारीत नसे. जेवढे कमी ठाऊक, तेवढे बरे!

पोलीस निघाले की आधीच निरोप येई. पाहुणे रानात लपत. पोलीस परत गेले की गावकरी रानाकडे जाऊन गाणे म्हणत. गाणे ऐकले की समजावे, आता घरी यायला हरकत नाही.

यात जिवाला धोका होता. दानियेल त्रोक्मे नावाचे शिक्षक अशी मुले सांभाळीत. १९४३ साली नाझींनी त्यांना मुलांसह धरून नेले. १९४४ साली ते छावणीतच वारले.

तरी गावाने दार बंद केले नाही. का बरे? या लोकांच्या वाडवडिलांचाही पूर्वी धर्मावरून छळ झाला होता. तेही असेच रानोमाळ लपले होते. ती आठवण घरोघर होती.

हजारो जीव वाचले. १९९० साली इस्रायलमधील याद वाशेम या संस्थेने सगळ्या गावाचा गौरव केला. गावकऱ्यांना मात्र त्यात नवल वाटले नाही. दारी आलेल्याला आत घ्यायचे, एवढेच तर त्यांनी केले होते.