डेंग्यूचा नकाशा आणि नकाशाबाहेरचा ताप

देवरीकडे कुणाला ताप आला की पहिला संशय हिवतापाचा. तो चुकीचाही नाही. जंगल, नाले आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलखात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे खाटेला खिळवली. आशाताई येतात, बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. हिवताप निघाला नाही, की घरचे म्हणतात, 'व्हायरल असेल', आणि विषय तिथेच संपतो.

मी डॉक्टर नाही. जे शिकलो ते वाचून आणि विचारून. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचा ताप असाच 'व्हायरल' ठरला. चौथ्या दिवशी खासगी तपासणीत पट्टीवर डेंग्यू दिसला. त्याला रायपूरला नेले आणि तो बरा झाला. नंतर एक प्रश्न मला सोडेना : देशाच्या आकड्यांत हा मुलगा कुठे मोजला गेला? उत्तर मिळाले : बहुधा कुठेच नाही.

याचे कारण मोजणीच्या नियमात आहे. राष्ट्रीय कार्यक्रम पट्टीवरची झटपट तपासणी पक्की मानत नाही. एलायझा तपासणी लागते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम. त्यासाठी देशभर सेंटिनल, म्हणजे पहाऱ्यावरची, रुग्णालये नेमलेली आहेत. 2007 साली ती 110 होती, आज आठशेच्या वर आहेत. त्यांना लागणारे आयजीएमचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होतात. पुतण्यावर पट्टीच्या भरवशावर उपचार झाले, एलायझा झालीच नाही. शिवाय रुग्ण एका राज्यात आजारी पडतो आणि दुसऱ्यात तपासला जातो. त्याचा पत्ता मूळ गावाला कळवला गेला नाही, तर जिथे डास आहे तिथे कुणीच पोहोचत नाही.

आता देशाचे आकडे या नजरेने पाहू. 1944 साली कोलकात्यात डेंग्यूचा विषाणू वेगळा काढला गेला. 1963-64 मध्ये त्याच शहरात मोठी साथ आली. 1996 साली दिल्लीत 10,252 रुग्ण आणि 423 मृत्यू नोंदले गेले, तेव्हा सारा देश हादरला. 2023 साली देशाची नोंद 2 लाख 89 हजारांवर गेली. यात रोग किती वाढला आणि तपासणी किती वाढली? केवळ या आकड्यांवरून ते सांगता येत नाही.

म्हणून संशोधकांनी दुसऱ्या वाटा धरल्या. 2010 साली सरकारी नोंद होती 28,292 रुग्णांची. त्याच वर्षाचा भारताचा अंदाज 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात आला : लक्षणे असलेले सुमारे 3 कोटी 30 लाख! अंदाजात मोठी चूक धरली तरी दरी बुजत नाही. पुढे 2017-18 मध्ये 15 राज्यांतील 5 ते 45 वयाच्या सुमारे 12,300 लोकांचे रक्त तपासले गेले. 48.7 टक्के लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेल्याच्या खुणा त्यात सापडल्या. दक्षिणेत हे प्रमाण 76.9 टक्के होते. याचा अर्थ गंभीर आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार जिवावर बेतण्याचा धोका वाढतो.

परंतु रक्ताचे सर्वेक्षण होऊन गेलेले सांगते. आज गावात काय चालले आहे ते नाही. त्यासाठी डेंग्यूचे घड्याळ समजून घ्यावे लागते. तापाच्या रुग्णाला एडिस डास चावला, की विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. मग तो दुसऱ्याला चावतो, आणि त्याला ताप यायला 4 ते 10 दिवस. म्हणजे पहिल्या तापानंतर दुसरा ताप दोन-तीन आठवड्यांनी येतो. पहिला 'व्हायरल' म्हणून सोडून दिला, तर दुसऱ्याचा त्याच्याशी असलेला संबंध कुणाच्याच ध्यानात येत नाही. आरोग्य खात्याला जाग येते तोवर तिसरी फेरी सुरू झालेली असते.

हा डास स्वतः फार तर काहीशे मीटर उडतो. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या आपल्या गावात डेंग्यू डासाच्या पंखांवर येत नाही. तो नागपूर-रायपूरहून बसने येणाऱ्या तापलेल्या माणसाच्या रक्तातून येतो. डासाची अंडी मात्र जुन्या टायरांतून ट्रकवर बसून येऊ शकतात. ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पंक्चरच्या दुकानामागचा टायर, अंगणातला रांजण, कूलरची टाकी यांत पाणी साचले, की आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. आणि ते दिवसा चावतात. रात्रीची मच्छरदाणी हिवतापाला अडवते, याला पुरी पडत नाही.

कर्मचारी घरोघर येऊन भांडी पाहतात ते याचसाठी. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या, हा झाला घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. माणसांच्या तापाच्या आधीच हे आकडे धोका दाखवू शकतात. आपण मात्र दाराशी आलेल्या ताईंना 'आमच्याकडे काही नाही' म्हणून परत पाठवतो.

घरात ताप आला तर वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत माणूस कुठे कुठे गेला, आणि शेजारी आणखी कुणाला ताप आहे का. हिवताप निघाला नाही, तर 'डेंग्यूची एलायझा होईल का?' असे विचारा आणि ती वही आशाताईंना दाखवा. देशाच्या नकाशावरचा ठिपका अशा एखाद्या तारखेपासूनच सुरू होतो.

पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूच्या भराचे, आणि दिवाळीला बाहेरगावची पोरेबाळे घरी येण्याचेही. घराची साफसफाई होतेच आहे. कूलर माळ्यावर टाकण्याआधी त्याची टाकी आतून घासून घ्या. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी कडेला चिकटून राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहतात.