पडद्यावरचा केशरी

मुलीच्या लग्नाची पत्रिका भाच्याने संगणकावर केली. पडद्यावर देखणी दिसली, खोटं कशाला बोलू! छापून आली तेव्हा केशरी मळकट, कडेला पांढरी रेघ आणि कार्यालयाचा पत्ता वाचता येईना.

पडदा रंग दाखवतो तो लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने. छापखान्यात असते शाई: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी. तो झगझगीत केशरी तिच्यात उतरतच नाही. व्यावसायिक डिझायनर शाईत बसेल तोच रंग घेतो, कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवतो आणि बारीक मजकूर नुसत्या काळ्यात ठेवतो. चार शायांपैकी एक केसभर सरकली, तर अक्षर फुटतं.

भाच्याचा हात चांगलाच आहे; छापखाना मात्र त्याने पाहिलेला नव्हता. ५०० पत्रिकांवर पत्ता आम्ही पेनाने लिहिला.