इंजिनाचा पिवळा दिवा आणि हवेचा काटा



आपल्या भागात पुष्कळ घरांचा प्रपंच जीप किंवा मालवाहू गाडीच्या भाड्यावर चालतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की घरात लगेच जाणवते. म्हणून डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की पालक घाबरतात आणि मेस्त्री जो भाग बदलायला सांगेल तो बदलून मोकळे होतात. काही हजार रुपये जातात आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागतो. हे का होते, ते यावेळी सांगण्याचे आम्ही ठरविले आहे.

गाडीतील संगणक अनेक सेन्सरकडून माहिती घेतो. एखादी माहिती अपेक्षेबाहेर गेली की तो एक कोड नोंदवतो व दिवा लावतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही पद्धत एकाच नमुन्याची सक्तीची झाली. आपल्या देशात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये इंधन व धूर यांच्या नियमांचा आराखडा दिला. पुढे भारत स्टेज ४ च्या नियमांत २०१० पासून या पद्धतीचा पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की कोड वाचता येतो.

औरादच्या मुलांना मराठी, कन्नड, हिंदी येतेच. ही चौथी भाषा त्याहून सोपी आहे. ‘पी ०१०१’ हा कोड घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरचा विभाग. पहिले शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. पुढचा १ म्हणजे इंधन व हवेचे मोजमाप. शेवटचे ०१ सांगतात की हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा बाकीच्या माहितीशी जुळत नाही. सेन्सर खराब झाला, असे हा कोड कुठेही म्हणत नाही. तो फक्त हिशोब जुळत नाही एवढेच म्हणतो.

हा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे, नळीत बसवलेला असतो. त्यात एक अतिशय बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेने तापवलेली असते. आत जाणारी हवा तिला थंड करते आणि तिचे तापमान टिकवायला जेवढी जास्त वीज लागते त्यावरून हवेचे वजन कळते. पेट्रोलच्या एका ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणून हे वजन महत्त्वाचे. (पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे नळीतील दाब मोजून हिशोब करतात. आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहावे.)

आता पेट्रोल गाडीतील ‘पी ०१७१’ पाहू. याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. कारणे मुख्यतः दोन. तारेवर धूळ बसली तर सेन्सर हवा कमी सांगतो. किंवा सेन्सरच्या पुढची रबरी नळी फाटली तर न मोजलेली हवा आत शिरते. दोन्हींत कोड तोच! फरक अडत बाजारातल्या तुरीच्या पोत्यांवरून समजेल. काटाच कमी दाखवत असेल तर पोती वाढतील तशी घट वाढते. पण मागच्या दाराने एकच पोते न मोजता आले असेल, तर दहा पोत्यांत ते डोळ्यांत भरते, शंभरांत लपून जाते. तसेच नळी फाटली असेल तर इंजिन जागेवर हळू चालताना दोष जास्त दिसतो आणि वेग वाढवला की कमी होतो. तार मळली असेल तर चढावर, भरल्या गाडीत दोष वाढतो. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा टक्क्यांतला आकडा दिसतो. तो दोन्ही वेळा पाहिला तर सेन्सर विकत घेण्याआधीच उत्तर मिळते. आमच्या मते ज्या मेस्त्रीने हा आकडा पाहिला नाही त्याने निदान केलेच नाही.

डिझेल गाडीत हवा कमी मोजली गेली की संगणक डिझेल आखडते घेतो आणि गाडीची ओढ कमी होते. तूर काढणीच्या दिवसांत, धुळीच्या रस्त्यावर फिल्टर लवकर भरतो. आधी तो पाहावा, मग नळीचे क्लिप, मग सेन्सरचे वायर. उंदीर वायर कुरतडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तारेला कापड, ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा लावू नये, तुटते. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. तो इंजिन थंड असताना मारावा आणि पूर्ण वाळल्यावरच सेन्सर जोडावा.

दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढण्याची सवय आहे. तसे केल्याने बहुतेक गाड्यांत कोड पुसला जातोच, शिवाय बिघाडाच्या क्षणी वेग, फेरे व तापमान किती होते ही जपलेली नोंदही जाते. आधी ती वहीत उतरवून घ्यावी. दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल तर बीदर किंवा उदगीरपर्यंत सांभाळून नेता येते. मात्र इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर इंधन न जळता बाहेर पडत असते आणि सायलेन्सरच्या मार्गातील धूर शुद्ध करणारा महागडा भाग तापून निकामी होऊ शकतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबवावी.